पाय न टेकता

हाफीजचा रुमाल पौडच्या स्टँडवरच्या प्रत्येक कंडक्टरला माहीत होता. निळ्या चौकडीचा, कोपऱ्यात ग्रीसचा डाग पडलेला. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सहा पाचची पुण्याची गाडी लागली, की ती नीट थांबायच्या आत हाफीज बाहेरून खिडकीत हात घालून डावीकडच्या तिसऱ्या सीटवर तो टाकायचा. एकदा रुमाल पडला की जागा आपली. हा कायदा कुठल्या पुस्तकात लिहिलेला नाही, पण आपल्याकडे सिग्नल मोडणारा माणूससुद्धा तो मोडत नाही. मग हाफीज गल्लीच्या तोंडाशी जाऊन बायकोला, कमरबीला, हाताला धरून आणायचा. कैलास कंडक्टर तोवर बेल मारायचा नाही. साडेतीन वर्षं हे असंच चाललं होतं.

कमरबीच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा पुण्याला जायचं, चार तास मशीनवर पडून रक्त धुऊन घ्यायचं आणि दुपारच्या गाडीनं परत यायचं. मशीनच्या सुया टोचण्यासाठी डॉक्टरांनी तिच्या डाव्या हाताच्या शिरा आतून जोडल्या होत्या. त्या हातात बांगडी घालायची नाही, त्या हातानं वजन उचलायचं नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही. तो हात म्हणजे तिचा जीव, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि हाफीजनं ते इतकं मनावर घेतलं होतं की ती साधा तांब्या उचलायला गेली तरी तो दुकानातून ओरडायचा. पाणी दिवसाला तीन पेले, स्टीलच्या छोट्या पेल्यानं मोजून. चौथ्याला सूज.

हाफीजचं दुकान शेगड्या आणि मिक्सर दुरुस्तीचं. बाजारपेठेत पुढं दुकान, मागं घर. पुण्यात खोली घेऊन राहायचा प्रयोगही त्यांनी करून पाहिला होता. दुकान बंद पडलं आणि कमरबी चार भिंतींत अशी कोमेजली की दोन महिन्यांत परत आले. त्यामुळं गाडीला पर्याय नव्हता.

जुलैत एकदा परतीची गाडी चांदणी चौकात पाऊण तास अडकली आणि कमरबीला ओकारी आली. पिशवी काढेपर्यंत शेजारी बसलेल्या शिक्षिकेची साडी भरली. ती बाई चांगली होती. काही बोलली नाही, पुढच्या थांब्यावर उतरून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं, कारण ते न बोलणं कमरबीच्या मनात रुतून बसलं. दोन दिवसांनी मेथी निवडता निवडता ती शांतपणे म्हणाली, "सायमाचे अब्बा, हितं पौडात मशीन आलं तर मी करीन. न्हाई आलं तर मला आता घरातच ऱ्हाऊ द्या."

"आन् घरात राहून काय व्हईल?"

"व्हईल ते व्हईल. लई झालं."

सायमा, त्यांची मुलगी, नाशिकला दिली होती. तिनं फोनवर रडून पाहिलं, हाफीजनं चिडून पाहिलं. मेथी निवडून झाली तशी ती उठली आणि विषय मिटला. कमरबी कधी आवाज चढवायची नाही, आणि तिचं बोलणं कधी फिरायचंही नाही.

अशा वेळी क्षितिजा आली. मूळची अकोल्याची, हिंजवडीतल्या एका कंपनीत कामाला, पिरंगुटला भाड्यानं राहणारी. बिघडलेला मिक्सर घेऊन आली आणि मागच्या खोलीत भर दुपारी निजलेल्या कमरबीबद्दल विचारून बसली. कंपनीत तिचं कामच समाजकार्याचे पैसे कुठं द्यायचे हे बघायचं होतं. दरवर्षी कंपनी एका धाडसी उपक्रमाला पाठबळ द्यायची. कुणी डोंगर चढायचा, कुणी पळायचा, आणि उपक्रम पुरा झाला की तो ज्या कामासाठी असेल त्याला कंपनी हात द्यायची. "काका, तुम्हाला काय येतं?" तिनं विचारलं.

हाफीजला पोहता येत होतं. एवढी एकच गोष्ट त्याला दुरुस्तीपेक्षा बरी यायची. लहानपणी पाठीला पत्र्याचा डबा बांधून बापानं डोहात ढकललेला, तेव्हापासून मुळा नदी त्याला घरच्यासारखी. विहिरीत मोटर पडली की आसपासच्या दहा गावांतून त्यालाच बोलावणं यायचं. वय एक्कावन्न, पोट थोडं सुटलेलं, पण पाण्यात पडला की माणूस वेगळाच दिसायचा.

ठरलं असं, की धरणाच्या पायथ्यापासून घोटावड्याच्या पुलापर्यंत, नदीच्या वळणांनी बावीस किलोमीटर, हाफीजनं एका दिवसात पोहून जायचं. पोहणं पुरं झालं की कंपनी पौडच्या दवाखान्याला मशीन देणार आणि ते चालवणाऱ्या माणसाचा तीन वर्षांचा पगारही. दवाखान्यातले डॉक्टर खोली द्यायला एका पायावर तयार होते. त्यानंतर मशीन यायला तीन महिने लागणार होते. "मशीन येस्तवर मी जाईन पुण्याला," कमरबी म्हणाली. "तोंडातनं हूं काढणार न्हाई." त्या रात्री हाफीज किती तरी महिन्यांनी गाढ झोपला.

क्षितिजानं नियमांचा कागद दुकानात बसून मराठीत वाचून दाखवला होता. कमरबी उंबऱ्यात बसून ऐकत होती. सलग पोहायचं. वाटेत पाच बंधारे आहेत, तिथं पाण्याबाहेर येऊन प्रत्येकी पन्नास पावलं चालायची मुभा. बाकी कुठंही तळाला पाय टेकला, किंवा कुणी पोहणाऱ्याला हात लावून आधार दिला, की उपक्रम तिथंच संपला. तारीख बदलणार नाही. एवढं कडक कशाला, तर गेल्या वर्षी एका गड्यानं अनाथाश्रमासाठी सायकलवरून कोकण गाठायचं कबूल केलं आणि ताम्हिणीचा अख्खा घाट सायकल टेम्पोत टाकून उतरला. त्याचे फोटो फिरले आणि कंपनीची शोभा झाली. एकानं लबाडी करायची आणि मागच्या शंभरांनी पावलं मोजायची, ही आपली जुनीच रीत.

ऑक्टोबरातला दुसरा रविवार ठरला. हाफीजला नदीची नाडी ठाऊक होती. पाऊस सरला, धरणातून सुटणारं पाणी कमी झालं, की गावोगावचे लोक बंधाऱ्यांच्या खांबांमधल्या खाचांत लोखंडी फळ्या सरकवतात आणि उन्हाळ्यासाठी पाणी अडवतात. त्या फळ्यांना बरगे म्हणतात. बरगे पडले की नदी वाहायची थांबते. म्हणून हाफीज आठवडाभर आधी पाचही गावांना स्वतः जाऊन आला. उंबरवाडीचा बंधारा तिसरा, तेराव्या किलोमीटरवर. तिथला विश्राम त्याचा शाळेतला दोस्त. "रविवार सरंस्तवर बरगे घालू नगा," हाफीज म्हणाला.

"तू निस्ता पव," विश्राम म्हणाला. "उंबरवाडीची काळजी करू नगंस."

रविवारी सकाळी साडेसहाला हाफीज पाण्यात उतरला. मागं रबरी होडीत वल्ही मारायला कमरबीचा भाऊ अनिस आणि हातात घड्याळ, मोबाइल घेऊन क्षितिजा. कमरबी शेजारच्या दुकानदाराच्या टेम्पोत बसून रस्त्यानं येत होती; जिथं रस्ता नदीजवळ यायचा तिथं ती काठावर उभी राहायची. तिचा पाण्याचा पहिला पेला तिनं अजून प्यायला नव्हता. तो जपून ठेवलाय, घोटावड्याला पिणार, असं तिनं सांगितलं होतं.

पाणी मात्र अपेक्षेपेक्षा कमी होतं. चार दिवसांत नदी उतरली होती. कुठं छातीएवढी, कुठं जेमतेम मांडीएवढी. उथळ जागी हाफीज अंग सपाट करून, पाय वर धरून दगडांवरून घसरत जायचा. पण धार होती, आणि धार असली की नदी माणसाला पुढं नेते. पहिला बंधारा गेला, दुसरा गेला. दहा वाजता क्षितिजानं होडीतून सांगितलं, "काका, अकरा किलोमीटर झाले. निम्मे." हाफीज पाण्यात हसला. आपल्याला हे जमणार, असं त्याला पहिल्यांदाच मनापासून वाटलं.

पुढं पाणी खोल होत गेलं. दगड खाली गेले, हात मोकळे झाले. त्याला बरं वाटलं, पण दहावीस हातच. मग त्याच्या लक्षात आलं की आपण हात थांबवला की आपणही थांबतोय. धार नव्हती. काठाचं गवत पाण्यात गेलं होतं, उंबराची पिवळी पानं जागच्या जागी तरंगत होती. बरगे पडल्याशिवाय नदी अशी उभी राहत नाही. तो जोरात हात मारू लागला, जणू लवकर पोचलं तर काही बदलणार होतं.

वळण ओलांडल्यावर हलगी ऐकू आली. बंधाऱ्यावर सगळी उंबरवाडी जमली होती. हाफीजचं नाव घातलेला फलक, बायकांच्या हातात ताटं, मधोमध फेटा बांधलेला विश्राम. आणि बंधारा या टोकापासून त्या टोकापर्यंत बंद. बरगे बसलेले, फटींत चिखल आणि पेंढा ठासलेला. काम पक्कं होतं. उंबरवाडीची माणसं कामाला चोख.

हाफीज पाण्यात उभा तरंगत राहिला. "इश्राम, बरगे कवा घातले?"

"शुक्रवारी रातच्याला," विश्राम हसत म्हणाला. "सगळं गाव लागलं. नदी बघितली तर दगडं उगडी पडल्याली. म्हनलं, आपला दोस्त आपल्या शिवारातनं गुडघ्याएवढ्या पान्यात रांगत आला, तर गावाची काय इज्जत ऱ्हायली? बग, कसा झ्याक डोह केलाय तुला."

"आन् खालच्या अंगाला पानी किती हाय?"

विश्राम मागं वळला. बंधारा म्हटला की उंबरवाडीची माणसं आजवर वरच्या बाजूचं पाणी बघत आली होती. खालच्या बाजूला वळून बघायची कुणाला सवयच नव्हती. हलगीवाल्यानं त्याच्याकडं पाहिलं आणि टिपरी खाली ठेवली.

खाली नदी नव्हती. पांढरे, काळे गोटे होते आणि मधूनमधून डबकी, त्यांत मासे तडफडत होते. दीड दिवस सगळं पाणी या डोहात साठत होतं. पोहता येईल असं पुढचं पाणी दोन किलोमीटरवर, चौथ्या बंधाऱ्याच्या वर. आणि मुभा होती पन्नास पावलांची.

कुणी मुद्दाम वाईट केलं असतं तर त्याच्या नावानं बोटं मोडता आली असती. इथं काय करणार? विश्रामनं फेटा काढून फेकला आणि खाचेत हात घातला. मग सगळेच धावले. पण बरगे घालणं सोपं, काढणं अवघड. भरल्या पाण्याचा दाब त्यांना खाचेत आवळून धरतो. ट्रॅक्टर आणला, दोर बांधले. तासाभरात तीन बरगे निघाले. चौथा वाकून अडकला आणि दोर तुटला. विश्रामचा तळवा अंगठ्यापाशी फाटला, तर त्यानं त्यावर फेट्याचं टोक गुंडाळलं आणि पुन्हा पहार धरली.

तोवर हाफीज डोहात उताणा तरंगत होता. पाय टेकायचा नव्हता. साडेअकराचे दोन वाजले. ऊन डोळ्यांवर येत होतं, बोटं पांढरी पडून सुरकुतली होती. क्षितिजानं साहेबांना तीनदा फोन लावला. शेवटच्या वेळी ती होडीच्या कडेला वाकून म्हणाली, "काका, ते म्हणतात, त्यांच्या हातात नाही. वरून सही झालेली आहे. मी खूप भांडले." आणि ती पोर रडायला लागली. हाफीजला तिची कीव आली. तो म्हणाला, "तू कशाला रडतीस, बाई. तू बिघाड केलास व्हय?"

बाकीचे बरगे यंत्र आणून संध्याकाळपर्यंत निघाले असते. पण सहाला अंधार, आणि अजून नऊ किलोमीटर उरलेले. सव्वादोनला हाफीज काठाशी आला, पाण्याबाहेर निघाला आणि बंधाऱ्याच्या कडेनं खाली उतरला. क्षितिजा मागून पावलं मोजत होती. तीन फटींतून आलेलं पाणी गोट्यांतून वाट काढत होतं, घोट्याएवढं. पन्नासावं पाऊल पडलं तसा हाफीज त्या पाण्यात पालथा झोपला, गुडघ्यांतून पाय वर उचलले आणि दोन्ही हातांनी दगड धरून स्वतःला पुढं ओढलं.

नियमात पाय होते. पोटाचं, कोपरांचं, गुडघ्यांचं काही लिहिलं नव्हतं. क्षितिजानं घड्याळ बंद केलं नाही. हाफीज एक हात टाकायचा, दगड धरायचा, अंग ओढायचा. हातभर पुढं. पुन्हा हातभर. विश्राम त्याच्या पुढं जाऊन मोठे दगड बाजूला सारू लागला. मग गावातले आणखी आले, बाया आल्या, पोरं आली, सगळे वाकून नदीतले दगड उचलून काठाला टाकू लागले, म्हणजे हाफीजला सरपटायला पाण्याची पन्हळ व्हावी. पाऊण तासात दोनशे पावलांएवढं अंतर झालं. हाफीजची कोपरं सोलून निघाली होती आणि पाणी मागं लाल होत होतं. अनिसनं तोंड फिरवलं.

कमरबी तेव्हा टेम्पोतून उतरली. चपला काठावर काढून, साडी वर खोचून ती गोट्यांवरून सावकाश चालत आली. दगड उचलणारी माणसं बाजूला झाली. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"सायमाचे अब्बा, उठा."

"पाय टेकला न्हाई अजून," हाफीज म्हणाला. तोंडात वाळू गेली होती.

"दिसतंय मला."

"पुढं डोह हाय. तितवर ग्येलो की झालं. दोनच किलोमीटर हायेत."

"हात द्या."

"हात लावू नगंस, कमर. तू हात लावलास तर सगळं..."

"ठावं हाय. कागद वाचला तवा मी तितंच बसले व्हते."

ती खाली वाकली. आधी उजव्या हातानं त्याचं मनगट धरलं. तेवढ्यानं तो उठेना, तशी तिनं डावा हात त्याच्या काखेत घातला, आणि साडेतीन वर्षं ज्या हातानं तांब्यासुद्धा उचलला नव्हता त्या हातानं सगळा जोर लावून नवऱ्याला वर ओढलं. फुगलेली शीर कातडीखाली ताठ झाली. हाफीजनं ती पाहिली. "डावा न्हाई, कमर, डावा न्हाई," तो म्हणाला, पण तिनं सोडला नाही. तिला त्या हाताचं आता काही जपायचं नव्हतं, हे त्याला त्या क्षणी कळलं आणि त्याचे पाय आपोआप खाली आले. दोन्ही तळवे नदीच्या तळाला टेकले.

क्षितिजानं घड्याळ बंद केलं.

विश्राम पुढं आला आणि गोट्यांवर खाली बसला. कमरबीनंच त्याला म्हटलं, "तुमच्या हाताला टाकं घालून घ्या, भावजी. लई रगात जातंय." मग टेम्पोत बसल्यावर तिनं राखून ठेवलेला पेला काढला आणि तो हाफीजला पाजला.

सोमवारी पहाटे हाफीज उठला तेव्हा दोन्ही कोपरांना पट्ट्या होत्या आणि खांदे वर जात नव्हते. स्वयंपाकघरातून कसला तरी बारीक आवाज येत होता. बराच वेळ त्याला तो ओळखू येईना. मग ओळखू आला. कमरबी चहा करत होती आणि तिच्या हातातल्या बांगड्या वाजत होत्या. दोन्ही हातांतल्या. डाव्या हातात लग्नातल्या हिरव्या काचेच्या सहा, त्या शिरेवर दाबून बसवलेल्या.

तिनं त्याला चहा दिला. मग माठातून मोठा तांब्या भरून घेतला, भिंतीला टेकून बसली आणि घटाघटा पाणी प्यायली. अर्धा तांब्या झाल्यावर दम घेतला. "किती गोड लागतं वो पाणी," ती म्हणाली.

हाफीजला खूप बोलायचं होतं. पाया पडायचं होतं, शिव्या द्यायच्या होत्या, सायमाला बोलवतो म्हणून धमकी द्यायची होती. ते सगळं जुलैत रोज बोलून झालं होतं. त्यानं खुंटीवरचा रुमाल घेतला आणि चपला घातल्या.

सहा पाचची गाडी लागली. खांदा वर जात नव्हता, तरी चवड्यांवर उभा राहून हाफीजनं डावीकडच्या तिसऱ्या सीटवर रुमाल टाकला. मग तो गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. गल्लीत दूधवाला आला, एक कुत्रं आलं. घराचं दार उघडं होतं आणि आतला दिवा दिसत होता.

कैलासनं सहा दहापर्यंत बेल मारली नाही. गाडी भरली होती, लोक उभे होते, पण त्या सीटवर कुणी बसलं नव्हतं. एकानं विचारलं तर कैलास म्हणाला, "जागा धरलीय." शेवटी तो दारात आला. "हाफीजभाई, वैनी येतात का?"

हाफीजनं गल्लीकडं पाहिलं, मग नाही म्हणून मान हलवली.

कैलास आत गेला, सीटवरचा रुमाल उचलला आणि खिडकीतून त्याच्यापुढं धरला. हाफीजनं तो घेतला नाही.

"राहू दे तितंच," तो म्हणाला. "गुरुवारी लागंल."

कैलासनं रुमालाची घडी केली, पुन्हा सीटवर ठेवली आणि बेल मारली. गाडी पिरंगुटच्या रस्त्याला लागली. हाफीज ती वळणाआड जाईपर्यंत उभा राहिला आणि मग दुकान उघडायला गेला.